अण्णांच्या हातावरचं घड्याळ

“ताई, अण्णा काल उठलेच नाहीत का?”

फोनवर सुहासचा पहिला प्रश्न हा. कशी आहेस, कामात आहेस का, काही नाही. मी आयटीआयच्या शिवण विभागात होते. समोर मुली कॉलर जोडायला शिकत होत्या आणि वीस मशीन एकदम चालू होती. फोन कानाला दाबून मी व्हरांड्यात आले.

“उठले की. अंघोळ केली, पूजा केली, जेवले. का रे?”

“मग दिवसभरात दोनशेसुद्धा स्टेप्स नाहीत? ताई, तू घरी असतेस ना?”

“मी नोकरी करते सुहास. आत्ता कामावरच आहे.”

“तेच म्हणतोय मी,” तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

माझा धाकटा भाऊ मेलबर्नला असतो. आई गेली तेव्हा तो सातवीत होता. त्याचा डबा मी केला, त्याच्या शाळेच्या मीटिंगला मी गेले, बारावीच्या परीक्षेला तापात होता तेव्हा केंद्राबाहेर मी उभी राहिले. त्याच सुहासने त्या दिवशी माझ्याशी एखाद्या कामचुकार बाईशी बोलावं तसं बोलून फोन ठेवला. मी आत गेले आणि एका मुलीची शिवण उसवून परत घालायला लावली. तिची काही चूक नव्हती. शिवण सरळच होती.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. पण त्या तीन महिन्यांत आमच्या घरात जे झालं, ते मी कुणाला धड सांगितलेलं नाही.

अण्णा म्हणजे आमचे वडील, आनंदराव थोरात. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसमधून निवृत्त झाले होते. कारखान्याच्या गेटवर कोण किती वाजता आला, कोण भोंग्याआधी सटकला, हे तीस वर्षं त्यांच्या हातात होतं. ते कुणावर ओरडत नसत. ओरडण्याची गरजच पडत नसे. “वर कळवतो,” एवढंच म्हणत. वरून बोलावणं आलं की माणूस आपोआप सरळ व्हायचा. घरीही त्यांचा आवाज कधी चढला नाही. लग्नानंतर तीन वर्षांनी मी फलटणहून बॅग घेऊन कायमची परत आले, तेव्हा दारात ते एवढंच म्हणाले, “आलीस? खोली तीच आहे.” का आलीस, हे तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही. त्याला सतरा वर्षं झाली होती.

दिवाळीनंतर ते बाथरूममध्ये पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, “हाड जुळेल, पण हे चालले पाहिजेत. एकदा बसले की कायमचे बसतील.” सुहास धावत आला, पंधरा दिवस राहिला. जाताना अण्णांच्या हातावर काळ्या पट्ट्याचं एक घड्याळ बांधून गेला.

“अण्णा, हे तुमची पावलं मोजणार. नाडी मोजणार. झोप मोजणार. तासभर बसून राहिलात तर हातावर थरथरणार, म्हणजे उठायचं. तीन हजार पावलं झाली की हा हिरवा गोल पूर्ण होणार. आणि इथं दिसेल ते सगळं मला तिकडे फोनवर दिसणार.”

“सगळं?” अण्णांनी विचारलं.

“सगळं.”

अण्णांनी घड्याळ उलटंसुलटं करून पाहिलं. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, चार दिवसांत कंटाळून काढून ठेवील. पण त्यांनी ते मनावर घेतलं. वॉकर धरून ते ओटीवरून स्वयंपाकघरापर्यंत, स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत फेऱ्या मारायचे. गोल हिरवा झाला की घड्याळावर छोटे फटाके फुटायचे. ते मला नाही, मालनमावशींना दाखवायचे. मालनमावशी आमच्याकडे सकाळी स्वयंपाकाला यायच्या आणि अकराला जायच्या. रोज सुहासचा फोन यायचा, “शाब्बास अण्णा!” आयुष्यभर दुसऱ्यांची हजेरी घेतलेला माणूस त्या ‘शाब्बास’ने खुलायचा. जानेवारीअखेर ते वॉकर नुसता शोभेला धरून चालत होते. घरात बरे दिवस होते.

फेब्रुवारीत माझी बढतीची ऑर्डर आली. गटनिदेशक म्हणून, रत्नागिरीला. हीच बढती मी आधी दोनदा नाकारली होती. एकदा सुहासच्या लग्नासाठी, एकदा अण्णांच्या मोतीबिंदूसाठी. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, “थोरात मॅडम, तिसऱ्यांदा नाही म्हणालात तर तुमचं नाव खाली जाईल. मग निवृत्तीपर्यंत आत्तासारख्या शिल्पनिदेशकच. महिन्याभरात कळवा.”

जेवताना मी अण्णांना सांगितलं. सगळा विचार करून ठेवला होता. मालनमावशी दिवसभर राहायला तयार होत्या. दर शनिवारी मी येणार होते.

अण्णा भाकरी मोडत होते. हात थांबला नाही.

“जा की,” ते म्हणाले.

“तुम्हाला चालेल ना?”

“मला काय विचारतेस? नोकरी तुझी.”

मला किती हलकं वाटलं! त्या रात्री मी कपाटातल्या साड्या काढून कुठल्या न्यायच्या ते बघत बसले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच सुहासचा तो फोन आला.

संध्याकाळी घरी आले तर अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत. “चालला नाहीत आज?” मी विचारलं.

“जमत नाही.”

“दुखतंय का?”

“दुखत नाही. जमत नाही.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी रजा टाकून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. रिक्षातून उतरताना ते माझ्या खांद्यावर असे रेलले की माझी मान आखडली. डॉक्टरांनी फोटो काढला, पाय वाकवून पाहिला. “हाड उत्तम जुळलंय. स्नायूही चांगले आहेत. चांगले म्हणजे, चालणाऱ्या माणसाचे असतात तसे. काका, मनानं घेतलंय का काही?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. “घरात माणूस नसतं दिवसभर,” ते हळू आवाजात म्हणाले. “उठवायला कोण आहे?”

डॉक्टरांनीही माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवसापासून घर विटत गेलं. मी पहाटे उठून त्यांना हाताला धरून चालवायला बघायची. ते उभे राहायचे, दोन पावलं टाकायचे आणि मटकन बसायचे. सुहासचा फोन आता सकाळी मी निघायच्या वेळेला यायचा. ‘शाब्बास’ संपलं होतं. “ताई, काल पुन्हा शून्याच्या आसपास.” “ताई, तुझ्या लक्षात येतंय का, डॉक्टर काय म्हणाले होते?” एकदा तर तो म्हणाला, “रत्नागिरीचं तुझं ठरलंय, मग आतापासूनच हात काढून घेतलास का?”

“तुला कुणी सांगितलं रत्नागिरीचं?” मी अजून त्याला सांगितलं नव्हतं. अण्णांचा पाय सुधारला की सांगणार होते.

“अण्णांनी. रडत होते, ताई.”

अण्णांना रडताना मी आई गेली तेव्हासुद्धा पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी ओटीवर गवार निवडत बसले होते. अण्णा समोर. त्यांच्या हातावरचं घड्याळ थरथरलं. तासभर झाला, उठा. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पोटावर ठेवून खुर्चीत आणखी मागे सरले. मी सूप बाजूला ठेवलं.

“अण्णा, उठा.”

“नाही जमत.”

“तुम्ही प्रयत्नच करत नाही! माझ्यावर कसला राग काढताय?”

“राग?” ते शांतपणे म्हणाले. “मी कशाला रागवू? मी बसलोय. म्हाताऱ्या माणसानं बसायचं पण नाही का तुझ्या घरात?”

“माझं घर?”

“मग कुणाचं? सतरा वर्षं झाली.”

मी गवार तशीच टाकून आत गेले. त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आयटीआयमध्ये बाहेरून परीक्षक यायचे होते. त्यांची गाडी वाटेत बंद पडली, प्रॅक्टिकल पुढे गेलं आणि मी दुपारी एकच्या सुमाराला घरी आले. दार नुसतं लोटलेलं. ओटीवर अण्णा नव्हते. खुर्चीशेजारी वॉकर उभा होता. खुर्चीच्या हातावर घड्याळ काढून नीट ठेवलेलं, पट्टा लावून.

बाथरूम पाहिलं, मागचं दार पाहिलं. “अण्णा!” म्हणून हाक मारणार, एवढ्यात डोक्यावर आवाज आला. गच्चीवर कुणीतरी चालत होतं. चपलांचा आवाज. इकडून तिकडे, थांबून, तिकडून इकडे. संथ नाही, चांगला ठाम.

आमचा जिना अरुंद आहे, पायऱ्या उंच आहेत. मी वर गेले. गच्चीच्या दारातून पाहिलं. डोक्याला टॉवेल गुंडाळून, हात पाठीमागे बांधून अण्णा एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत फेऱ्या मारत होते. कारखान्याच्या गेटवर मारायचे तशा. कठड्याशी पोचले की टाचेवर वळायचे. काठी नाही, आधार नाही.

तिसऱ्या फेरीला वळताना त्यांना मी दिसले. ते थांबले. मला वाटलं, आता ओशाळतील, काहीतरी सबब सांगतील. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

“लवकर आलीस.”

“रोज चालता तुम्ही?”

“डॉक्टरांनी सांगितलंय. पाय गेले तर काय करू?” ते माझ्या जवळून जिन्याकडे गेले. कठड्याला एक हात लावून भराभर पायऱ्या उतरले. मी त्यांच्या मागोमाग खाली. त्यांनी खुर्चीत बसून घड्याळ परत हाताला बांधलं आणि पट्ट्याचं टोक व्यवस्थित आत सरकवलं.

“अण्णा, सुहास मला काय काय बोलतो माहिती आहे तुम्हाला?”

“माहिती आहे.”

“तुम्ही मला त्याच्याकडून बोलणी खायला लावलीत. का? मला जाऊ नको म्हणायचं होतं, तर म्हणायचं ना!”

“मी कशाला म्हणू? मी कुणाला कधी थांबवलं नाही. सुहास परदेशी निघाला तेव्हा त्यालाही नाही.” ते खिडकीबाहेर बघत होते. “तुझं तुला कळायला पाहिजे.”

“मी आत्ता फोन करते सुहासला. सगळं सांगते.”

“सांग.” त्यांनी मान वळवून सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. “तो घड्याळावर विश्वास ठेवील. तुझ्यावर नाही.”

मी त्यांच्यासमोरच फोन लावला. सुहास ऑफिसमधून निघालाच होता. मी बोलत होते आणि माझं मलाच ते खोटं वाटत होतं. अण्णा घड्याळ काढून ठेवतात, गच्चीवर फेऱ्या मारतात, तुझ्या फोनवर मुद्दाम शून्य दाखवतात. मग तो म्हणाला, “दुपारी घड्याळ चार्जिंगला असतं, असं अण्णा म्हणाले होते. त्यांना दे. व्हिडिओ लाव.”

मी लावला. फोनच्या समोर अण्णा एकदम लहान झाले. खांदे पडले, आवाज घशात गेला.

“अण्णा, तुम्ही गच्चीवर गेला होता?”

“गच्ची?” ते म्हणाले. “अरे, मला बाथरूमला जायला वॉकर लागतो बाबा. तिला बोलू नकोस काही. तिला कामाचा ताण असतो.”

“ताई,” सुहास मला म्हणाला, “तुला जायचंय, तर जा. पण असल्या गोष्टी सांगू नकोस. लाज वाटते मला.”

फोन बंद झाल्यावर अण्णांनी खांदे सरळ केले. टीव्हीचा रिमोट उचलला.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांकडे जाऊन बढती स्वीकारल्याचं लिहून दिलं. एक एप्रिलला रत्नागिरीला हजर व्हायचं. घरी कुणाला सांगितलं नाही. बॅग मात्र ओटीवरच, अण्णांच्या खुर्चीसमोर भरायला घेतली. ते बघत होते. मी एकेक साडी घडी करून ठेवत होते. दोन आठवडे आम्ही असेच राहिलो. मी ताट वाढायची, ते जेवायचे. मालनमावशी सकाळी आल्या की भांडी जरा जोरात वाजवायच्या. घरातली शांतता त्यांना सोसत नसावी.

सत्तावीस मार्चला सकाळी दारात टॅक्सी थांबली. सुहास न सांगता आला होता. अण्णांच्या पाया पडला, त्यांच्या गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसला. माझ्याशी बोलला नाही. चहा दिला तर कप घेताना नजर कपावर. मालनमावशींना त्याने त्या दिवसापुरती सुट्टी दिली.

“बस ताई,” मग तो म्हणाला. “तू पण ऐक. मी सगळं ठरवून आलोय.”

मी दाराला टेकून उभी राहिले.

“तुला दोष देत नाही मी,” तो म्हणाला. दोष देणारी माणसं असंच म्हणतात. “तुझ्याच्यानं होत नाही. मान्य. तू जातेयस, जा. मी तिथून काही करू शकत नाही. पुण्यात एक चांगलं केंद्र आहे, वृद्धांचं. चोवीस तास नर्स. फिजिओथेरपिस्ट रोज येतो. अण्णांची खोली ठरवलीय मी. खोलीत आणखी एक गृहस्थ आहेत, त्यांनाही उठता येत नाही. उद्या सकाळी गाडी येईल. मी सोडून तसाच एअरपोर्टला जाईन.”

ओटीवर पंखा फिरत होता.

“मी कुठं जाणार नाही,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, हट्ट करू नका. इथं तुम्हाला कोण बघणार?”

“मालन आहे.”

“मालनमावशी तुम्हाला उचलणार? तुम्ही पडलात तर? दीड महिना तुम्ही जागचे हलला नाहीत. मी रोज बघतोय. माझ्याकडे सगळं आहे.” त्याने फोन काढून त्यांच्यासमोर धरला. “हे बघा. हा जानेवारी, आणि हा मार्च. तुम्हीच बघा.”

अण्णांनी फोन बघितला नाही. ते माझ्याकडे बघत होते. मी तशीच उभी.

“वैजू,” ते म्हणाले. “सांग की त्याला.”

“काय सांगू?”

“मला चालता येतं ते.”

सुहास तडकला. “अण्णा, प्लीज! ताईनं हे डोक्यात भरवलंय का तुमच्या? ताई, पुन्हा तेच नको हं!”

मला काही बोलायचं नव्हतं. अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मला त्यांची दया येत नव्हती. पुण्याची ती खोली मला डोळ्यांसमोर दिसत होती. पलीकडच्या खाटेवरचा तो न उठणारा गृहस्थही. तरी माझं तोंड उघडलं नाही.

“वैजू,” अण्णा पुन्हा म्हणाले. आवाजात आता ऑफिस नव्हतं. “तू पाहिलंयस.”

“मी सांगितलं होतं त्याला, अण्णा. तुमच्यासमोर. तुम्ही काय म्हणालात ते आठवतं का?”

सुहास एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघायला लागला. अण्णांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर होते. बोटं घट्ट झाली. कबूल करणं त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं, ते लोकांकडून करवून घ्यायचे. मला वाटलं, हे उद्या गाडीत बसतील, पण कबूल करणार नाहीत.

मग ते उठले. वॉकर पायाने बाजूला सारला. तो भिंतीवर आपटून आडवा झाला. सुहास त्यांना सावरायला धावला, त्याचा हात त्यांनी झटकला. ओटी ओलांडली, मधलं दार ओलांडलं आणि ते जिना चढायला लागले. उंच पायऱ्या, एकामागून एक. सुहास जिन्याच्या तळाशी, तोंड वर करून. थोड्याच वेळात डोक्यावर चपला वाजायला लागल्या. इकडून तिकडे, थांबून, तिकडून इकडे. आम्ही बहीणभाऊ खाली उभे राहून ऐकत होतो. मला वाटतं, त्यांनी गरजेपेक्षा पुष्कळच जास्त फेऱ्या मारल्या.

खाली आले तेव्हा कपाळावर घाम होता, पण श्वास लागला नव्हता. त्यांनी हातावरचं घड्याळ काढलं आणि सुहासच्या हातात दिलं.

“बघ. मोजलं का नीट?”

सुहासचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. “म्हणजे इतके दिवस... अण्णा, मी तिथे रात्रभर जागायचो. रजा काढून आलोय मी! का केलंत असं?”

अण्णा खुर्चीत जाऊन बसले. मग सुहास माझ्याकडे वळला. मला वाटलं होतं, आता तरी तो ‘चुकलो’ म्हणेल.

“आणि तू नुसती उभी राहिलीस? मी त्यांना उद्या घेऊन गेलो असतो, ताई. तू नेऊ दिलं असतंस?”

“कुणाला माहीत,” मी म्हणाले.

“कसली माणसं आहात तुम्ही दोघं!”

“तू कोण आहेस मग? चार महिने तू मला एकदा तरी विचारलंस, ताई, तू कशी आहेस? वडिलांची नाडी तुला तिकडे बसून कळत होती. बहीण खरं बोलतेय की खोटं, ते कळलं नाही?”

“तू मला पुरावा द्यायला हवा होतास.”

“पुरावा?” मी म्हणाले. “शाळेची वही खरंच हरवली असं तू मला सांगायचास, तेव्हा मी कधी पुरावा मागितला होता?”

तो त्याच संध्याकाळी पुण्याला निघून गेला. घड्याळ बरोबर घेऊन गेला. जाताना अण्णांच्या पाया पडला, मला ‘येतो’ म्हणाला नाही. त्यानंतर आमचं जे बोलणं होतं ते कामापुरतंच राहिलं, ते आजपर्यंत.

मधले दोन दिवस मी घर आवरलं. मालनमावशींना किल्ली दिली, औषधं कुठली केव्हा ते समजावलं. अण्णा माझ्यादेखत घरभर चालायचे आता. लपवायचं काही उरलंच नव्हतं. वॉकर माळ्यावर गेला.

एकतीस मार्चला सकाळी सव्वासातची एसटी होती. आदल्या दिवशी तिन्हीसांजेला मी देवाजवळ दिवा लावून बाहेर आले, तर अण्णांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

“रत्नागिरीला हवा दमट असते म्हणे.”

“असते.”

“तुला सोसायची नाही. लहानपणी घामोळं यायचं तुला.”

“बघीन.”

ते पडद्याकडेच बघत होते. बातम्या चालू होत्या, कसल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी पायपुसणं सरळ केलं. खिडकी लावली. उगाच ओटीवर घोटाळत राहिले.

“समज,” ते म्हणाले, “जाऊ नकोस म्हटलं, तर?”

मी जागच्या जागी थांबले. सतरा वर्षांत त्या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी डबे केले, औषधं आणली, दोनदा बढती सोडली, ती न मागताच. एकदा मागावं, एवढंच मला पाहिजे होतं. आणि खरंच सांगते, बॅग दारात भरलेली होती, ऑर्डर पर्समध्ये होती, तरी त्या क्षणी ते म्हणाले असते तर माझे पाय निघाले नसते.

“म्हणताय का?” मी विचारलं.

टीव्हीचा उजेड त्यांच्या तोंडावर हलत होता.

“नाही,” ते म्हणाले. “विचारलं नुसतं.”

“मग सकाळी सव्वासातला गाडी आहे माझी,” मी म्हणाले आणि कणीक मळायला आत गेले.

सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर खुर्ची रिकामी. दारामागच्या खुंटीवरची टोपी नव्हती, चपला नव्हत्या. मालनमावशी नुकत्याच आल्या होत्या. “अण्णा गेले की फिरायला. मी येत होते तेव्हा कोपऱ्यावर दिसले. बोलले नाहीत काही.”

मी देवाला नमस्कार केला. चहा केला, त्यांच्या कपात ओतून झाकून ठेवला. दोनदा दारापर्यंत जाऊन रस्ता बघून आले. शेवटी रिक्षा आली. आमच्या आळीतलाच रिक्षावाला, कादरभाई. त्याने बॅग उचलून मागे टाकली. मालनमावशींच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्या आलं नाही.

घाटाकडून येणाऱ्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं. रस्त्याच्या डाव्या कडेने एक माणूस आमच्याच दिशेने, आमच्या पुढे चालला होता. पांढरी टोपी, पाठीमागे बांधलेले हात. ज्या बाजूला स्टँड आहे, त्याच बाजूला चालला होता. स्टँडवर येत होता की नुसता त्या रस्त्याने फिरत होता, हे मला तेव्हाही कळलं नाही, आणि पुढे ते असेपर्यंत मी कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

कादरभाईने वेग कमी केला. मान मागे वळवली.

“ताई, अण्णाच ना ते? थांबवू?”

रिक्षा त्यांच्या अगदी बरोबरीला आली होती. त्यांना इंजिनाचा आवाज नक्की ऐकू आला असणार. त्यांनी मान वळवली नाही. मी हात बाहेर काढला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता.

“नको,” मी म्हणाले. “चालू दे त्यांना.”